हैतीचा पासपोर्ट : पाहुण्याचें दार आणि बिऱ्हाडाचें दार



पासपोर्ट हातीं आला म्हणजे जगाचें दार उघडलें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. पासपोर्ट ही आपल्या स्वतःच्या सरकारनें दिलेली ओळख होय. 'हा मनुष्य आमचा आहे. तो परत आला तर आम्ही त्यास घरांत घेऊं,' एवढीच ग्वाही तींत असते. परक्या भूमीवर त्यास पाऊल टाकूं द्यावयाचें कीं नाहीं, हें त्या भूमीचा धनी ठरवितो. आणि त्याची आगाऊ संमति म्हणजेच व्हिसा. कांहीं देशांच्या नागरिकांना ही संमति क्वचितच मागावी लागते, तर कांहींना ती पदोपदीं मागावी लागते. या भेदाचा माणसाच्या नशिबावर काय परिणाम होतो, हें समजून घेण्यास कॅरिबियन समुद्रांतील हैती या देशाचें उदाहरण फार बोलकें आहे. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

हैतीचें नांव आपल्याकडील वर्तमानपत्रांत बहुधा भूकंप, वादळ किंवा दंगल यांच्या निमित्तानेंच येतें. म्हणून प्रथम थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. हिस्पान्योला या बेटाचा पश्चिमेकडील सुमारें एकतृतीयांश भाग म्हणजे हैती. पूर्वेकडील उरलेला भाग म्हणजे डोमिनिकन प्रजासत्ताक. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनीं १७९१ सालीं येथें बंड केलें आणि १ जानेवारी १८०४ रोजीं स्वातंत्र्याची घोषणा केली. गुलामांच्या बंडांतून राष्ट्र जन्मास आल्याचें हें जगाच्या इतिहासांतील एकमेव उदाहरण. या नव्या राष्ट्रानें १८१६ च्या राज्यघटनेंत असें कलम घातलें कीं, आफ्रिकेच्या अथवा अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या वंशाचा जो कोणी हैतींत वस्तीस येईल तो हैतीचाच समजावा, आणि वर्षभर राहिल्यावर त्यास नागरिकाचे हक्क मिळावे. पुढें १९३९ सालीं, यूरोपांतील ज्यू लोकांना सर्वत्र दारें बंद होत असतां, हैतीनें त्यांना देशांत न येतांहि नागरिकत्व घेण्याची कायद्यानें सोय केली. तात्पर्य, एके काळीं ज्यांना कोणी थारा देत नव्हतें त्यांना पासपोर्ट देणारा हा देश. आज त्याच देशाच्या नागरिकास थारा शोधीत हिंडावें लागत आहे.

आतां या पासपोर्टाचें आजचें मोल पाहूं. निरनिराळ्या देशांच्या पासपोर्टांची तुलना करणाऱ्या याद्या हल्लीं दरसाल प्रसिद्ध होतात. हैतीच्या नागरिकास आगाऊ व्हिसा न काढतां जातां येईल अशीं सुमारें पन्नास ठिकाणें त्यांत दाखविलेलीं असतात. सिंगापूर, फिलिपीन्स, मायक्रोनेशिया, रुआंडा, मालदीव हीं त्यांपैकीं कांहीं. पन्नास हा आंकडा ऐकण्यास बरा वाटतो. परंतु नकाशा पुढें ठेवून पाहिलें म्हणजे खरा प्रकार ध्यानांत येतो. हैतीच्या माणसाचे आप्तेष्ट जेथें आहेत, त्याची भाषा जेथें चालते, अथवा त्याच्या हातांना जेथें काम मिळतें, ते देश या यादींत जवळजवळ नाहींतच. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें, कॅनडा, फ्रान्स, मेक्सिको, चिली, ब्राझील, इतकेंच काय पण शेजारचीं बहामा व जमेका हीं बेटें आणि भिंतीला भिंत लागून असलेलें डोमिनिकन प्रजासत्ताक, या सर्वांना व्हिसा लागतो. कॅरिबियन राष्ट्रांच्या संघांत हैती २००२ सालीं पूर्ण सभासद म्हणून दाखल झाला; पण त्या संघाच्या कांहीं सभासदांनीं आपसांत जी मोकळ्या येण्याजाण्याची व्यवस्था केली तींत हैतीचा समावेश झाला नाहीं. गयानानें हैतीच्या लोकांना दिलेली व्हिसाची सूट २०२१ सालीं काढून घेतली.

दुसरी एक अडचण यादींत मुळींच दिसत नाहीं. दूरचें ठिकाण गांठावयाचें तर वाटेंत विमान बदलावें लागतें. संयुक्त संस्थानांतून नुसतें पलीकडे जावयाचें असलें तरी हैतीच्या माणसाला व्हिसा हवाच. म्हणजे ज्या घरीं जावयाचें तेथील दार उघडें, पण वाटेवरच्या वेशीला कुलूप! त्यांत दुष्काळांत तेरावा महिना असा कीं, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथील विमानतळ सशस्त्र टोळ्यांच्या हल्ल्यांमुळें मार्च २०२४ पासून मे महिन्यापर्यंत बंद राहिला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें विमानांवर गोळ्या लागल्यावर तो पुन्हा बंद करावा लागला.

परंतु खरा मुद्दा याहून निराळा आहे. व्हिसाशिवाय प्रवेश मिळणें आणि राहण्याचा अधिकार मिळणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत. पाहुण्याला आपण दिवाणखान्यांत बसवितों, चहा देतों. म्हणून त्यानें आपलें बिऱ्हाड तेथें मांडावें असें होत नाहीं. सिंगापूर काय किंवा फिलिपीन्स काय, व्हिसाची सूट असते ती ठराविक दिवसांच्या भेटीपुरती. परतीचें तिकीट व खर्चाचे पैसे दाखवावे लागतात आणि नोकरी करण्याची मनाई असते. तेव्हां यादींतील पन्नास दारें हीं पाहुण्यांचीं दारें आहेत. बिऱ्हाडाचीं दारें निराळीं, आणि तीं कशीं उघडतात व कशीं मिटतात याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

१२ जानेवारी २०१० रोजीं हैतींत भयंकर भूकंप झाला. राजधानी उद्ध्वस्त झाली. लाखों लोक बेघर झाले. त्या वेळीं तेथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजेचें नेतृत्व ब्राझीलकडे होतें, त्यामुळें त्या देशाचें नांव लोकांच्या परिचयाचें होतें. लोक इक्वेडोर व पेरूच्या मार्गानें ब्राझीलच्या सीमेवर जाऊं लागले. जानेवारी २०१२ मध्यें ब्राझीलनें भूतदयेच्या कारणास्तव खास व्हिसा सुरू केला; आरंभीं महिन्यास शंभर अशी मर्यादा होती, ती पुढच्या वर्षीं उठविण्यांत आली. हा व्हिसा खरोखर बिऱ्हाडाचा होता, कारण त्यावर नोकरी करतां येत असे. पुढें ब्राझीलमध्यें मंदी आली, काम मिळेनासें झालें, आणि लोकांचा ओघ चिलीकडे वळला. चिलींत त्या वेळीं पर्यटक म्हणून व्हिसाशिवाय जातां येत असे व मागाहून कामाचा परवाना मिळविण्याची सोय होती. एकट्या २०१७ सालीं लाखाहून अधिक हैतियन तेथें उतरले. एप्रिल २०१८ मध्यें चिलीनें व्हिसा सक्तीचा केला आणि तें दार मिटलें.

मग या लोकांचें काय झालें? महामारीच्या काळांत काम बुडाल्यावर त्यांपैकीं हजारों कुटुंबें मुलाबाळांसह पायीं उत्तरेकडे निघालीं. कोलंबिया व पनामा यांच्या मध्यें दारियेन नांवाचें रस्ता नसलेलें घनदाट अरण्य आहे. २०२१ या एका वर्षांत सुमारें एक लाख तीस हजार लोक तें ओलांडून गेले. त्यांत बहुसंख्य हैतियन, आणि त्यांचीं चिली व ब्राझील येथें जन्मलेलीं लहान मुलें होतीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत टेक्सास प्रांतांतील डेल रिओ येथील पुलाखालीं सुमारें पंधरा हजार लोक जमा झाले. त्यांपैकीं अनेकांना विमानांत बसवून हैतीस पाठविण्यांत आलें. कित्येकांनीं तो देश अनेक वर्षांत पाहिलाहि नव्हता.

संयुक्त संस्थानांचें धोरणहि असेंच उघडझाप करणारें आहे. १९८१ सालीं हैतीच्या सरकारशीं करार करून, समुद्रांत होड्या अडवून लोकांना परत पाठविण्याची पद्धत सुरू झाली. १९९३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, निर्वासितास परत न लोटण्याचें बंधन भर समुद्रांत लागू पडत नाहीं. उलट २०१० च्या भूकंपानंतर, त्या देशांत आधींच असलेल्या हैतियनांना तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा देण्यांत आला. राहावें, काम करावें. पण मुदत संपत आली कीं पुन्हा वाढीची वाट पाहावी, असा हा दर्जा. जानेवारी २०२३ मध्यें आणखी एक वाट उघडली. संयुक्त संस्थानांत कायदेशीरपणें राहणारा कोणी पाठीराखा मिळाल्यास दोन वर्षांसाठीं विमानानें येण्याची परवानगी मिळूं लागली, आणि दोन लाखांहून अधिक हैतियन या मार्गानें गेले. मार्च २०२५ मध्यें ही योजनाच संपविण्यांत आली. ९ जून २०२५ पासून हैतीच्या नागरिकांना, कांहीं अपवाद सोडून, प्रवेशबंदी लागू झाली. तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जाहि काढून घेण्याचें त्याच वर्षीं जाहीर झालें व तो वाद न्यायालयांत गेला.

आतां पोर्ट-ओ-प्रिन्स येथील एखादा शाळामास्तर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. त्याची वस्ती टोळ्यांनीं जाळली आहे. तो व त्याचीं मुलें नातलगांकडे आश्रयास आहेत. अशा बेघर झालेल्यांची संख्या २०२५ च्या आरंभीं दहा लाखांवर गेली होती. त्याचा भाऊ कॅनडांतील माँट्रियल शहरांत आहे. ही कल्पना स्वाभाविक आहे, कारण ड्यूव्हालिए घराण्याच्या हुकूमशाहींत, १९६० नंतर, हैतीचे डॉक्टर व शिक्षक मोठ्या संख्येनें या फ्रेंच भाषिक शहरांत गेले. कॅनडानें २०२३ च्या अखेरीस एक योजना काढली. ज्यांचे जवळचे नातलग कॅनडांत आहेत अशा कोलंबिया, हैती व व्हेनेझुएला येथील मिळून ११,००० लोकांना कायमचें राहण्याची परवानगी तींत मिळावयाची होती. मास्तरांना आशा वाटली असेल. परंतु अट अशी कीं, नातलग क्वेबेक प्रांताबाहेर राहणारा असला पाहिजे. आणि माँट्रियल तर क्वेबेकमध्येंच! सीमेवर आश्रय मागावा, तर मार्च २०२३ पासून संयुक्त संस्थानांतून येणाऱ्यांना, सरहद्द कोठूनहि ओलांडली तरी, सामान्यतः परत पाठविण्यांत येतें. भाऊ कॅनडांत असल्यास त्या नियमास अपवाद आहे हें खरें. पण त्यासाठीं आधीं संयुक्त संस्थानांत पोंचावें लागतें.

मग उरतो शेजार. डोमिनिकन प्रजासत्ताकांतील उसाचे मळे व इमारती हैतियन मजुरांच्या घामावर उभ्या आहेत. तथापि १९३७ सालीं तेथें हुकूमशहा त्रुहियो याच्या आज्ञेनें हजारों हैतियनांची कत्तल झाली. २०१३ सालीं तेथील घटना-न्यायालयाच्या निकालानें, त्याच देशांत जन्मलेल्या हैतियन वंशाच्या असंख्य लोकांचें नागरिकत्व गेलें. आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें आठवड्यास दहा हजार लोकांना हांकलण्याचें धोरण सरकारनें जाहीर केलें. हें दार बिऱ्हाडाचें तर नाहींच, पाहुण्याचेंहि नाहीं.

टिकाऊ असे मार्ग मुळींच नाहींत असें नव्हे. विवाह किंवा जवळचें नातें, परदेशांतील शिक्षण, मालकानें मागवून दिलेला कामाचा परवाना, आणि अखेर त्या देशाचें नागरिकत्व, हे ते मार्ग. ते संथ व खर्चाचे आहेत, पण एकदां पदरांत पडलेला हक्क सहसा हिरावला जात नाहीं. २०१२ सालीं घटनेंत दुरुस्ती होऊन हैतीनें दुहेरी नागरिकत्वास मान्यता दिली. त्यामुळें परदेशचें नागरिकत्व घेणाऱ्यास आतां मायदेशाशीं असलेलें नातें तोडावें लागत नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन या देशानें, गुलामांच्या व्यापारांत ज्यांचे पूर्वज नेले गेले त्यांच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा केला. हैतीचा थोर पुढारी तूसां लुव्हेर्त्यूर याचे वडील त्याच प्रदेशांतील आलाडा येथून आणले गेले, अशी परंपरागत माहिती आहे. दोनशें वर्षांपूर्वीं हैतीनें जें कलम लिहिलें त्याचा हा जणूं प्रतिध्वनि होय.

या कथेंत आपल्याहि देशाचा एक लहानसा संबंध आहे. भारताच्या नागरिकास हैतींत अल्पकाळ जाण्यास व्हिसा लागत नाहीं. मार्च २०२४ मध्यें तेथें अराजक माजलें तेव्हां आपल्या सरकारनें 'ऑपरेशन इंद्रावती' या नांवानें तेथील भारतीयांना डोमिनिकन प्रजासत्ताकांत सुखरूप हलविलें. ज्या सरहद्दीपलीकडे भारतीयास आश्रय मिळाला, तीच सरहद्द हैतीच्या स्वतःच्या नागरिकास बंद होती. संकट एक, जागा एक; भेद काय तो खिशांतील पुस्तिकेचा.

म्हणून कोणत्याहि पासपोर्टाच्या उघड्या दारांची यादी वाचतांना तीन प्रश्न विचारावे. या दारांतून आंत गेल्यावर किती दिवस राहतां येईल? तेथें पोटापुरतें मिळवितां येईल काय? आणि दिलेली परवानगी एका सहीनें काढून घेतां येण्यासारखी आहे काय? ब्राझीलनें, चिलीनें, संयुक्त संस्थानांनीं वेळोवेळीं जें दिलें ती दया होती, आणि तिनें पुष्कळांचे प्राण वांचविले हें नाकारतां येत नाहीं. परंतु दयेवर मुलांची शाळा, घराचें भाडें आणि म्हाताऱ्या आईबापांना दरमहा पाठवावयाचा पैसा यांची घडी बसवितां येत नाहीं. त्यास हक्क लागतो. हैतीचें राष्ट्र जन्मास आलें तें नेमक्या याच भेदाच्या जाणिवेंतून, हें तेथील लोक विसरलेले नाहींत. आपणहि तें ध्यानांत ठेवावें, एवढीच विनंति.