मे महिन्यातलं लग्न आणि डोक्यावरचा सूर्य 📷

पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि नेमका तेव्हाच अनेक लग्नांचा मुहूर्त! वरून पडणाऱ्या या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. म्हणून नवरा-नवरीचे पोर्ट्रेट सकाळी नऊच्या आत उरका, नाहीतर संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधीच्या तासाभरात काढा. दुपारीच काढावे लागले, तर ओसरीच्या किंवा दाराच्या सावलीत, चेहरा उजेडाकडे करून.

दुसरी अडचण मांडवाची. लाल-पिवळ्या कापडातून उतरलेला उजेड चेहऱ्यांवर तोच रंग चढवतो. ऑटो व्हाइट बॅलन्सच्या भरवशावर राहू नका. मांडवात पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावा आणि फोटो रॉमध्ये घ्या.

माझा सगळ्यात आवडता क्षण अंतरपाट दूर होण्याचा. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा, बर्स्ट मोड चालू करा. अक्षता हवेत थबकलेल्या दिसतात, त्यांच्यामागे नवरीची पहिली नजर! पांढरा अंतरपाट उजेड परतवून चेहरे उजळवतो, त्यामुळे तो धरलेला असतानाही दोन्ही बाजूंचे फोटो घ्या.

कॅमेरा आणि बॅटऱ्या उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

आणि यजमानांनो, फोटोग्राफरला पहिल्या पंगतीत जेवायला बसवा. सकाळपासून तोही उन्हातच उभा असतो. 🙏