संकष्टीचं गणित आणि ओहोटीची वाट

अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वर असा तीन दिवसांचा बेत आखताना आपण आधी काय बघतो? जोडून आलेली सुट्टी, खोलीचं भाडं, गाडी कोण चालवणार. माझं म्हणणं असं, की सगळ्यांत आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघावी. या किनाऱ्यावर किल्ल्यात पायी जाता येईल की नाही, ताटात काय पडेल आणि प्रदक्षिणा पूर्ण होईल का, हे सगळं तिथीवर ठरतं.

कोळीवाड्यात एक साधा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. चतुर्थीला तीन वाजता. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण घड्याळ नसलेल्या माणसांनी आकाशाकडे बघून बसवलेलं हे सूत्र आजही चालतं!

ते का चालतं, याचं उत्तर संकष्टी करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पौर्णिमेला चंद्र संध्याकाळी सहाच्या सुमारास उगवतो आणि मग रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो. म्हणून चतुर्थीला उपास सोडायला नऊ वाजतात. समुद्र ज्याच्या ओढीने फुगतो, तो हाच चंद्र. तो जितका उशीर करतो, तितकाच उशीर भरतीला होतो. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास असलेली भरती चतुर्थीला तीनवर गेलेली असते. मोदकाचं ताट वाढून चंद्राची वाट बघणारी आजी आणि होडी पाण्यात ढकलायला थांबलेला नाखवा एकच उशीर मोजत असतात.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि उधाण येतं. उधाणात पाणी जितकं वर चढतं, तितकंच मागेही हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी ना धड चढत, ना धड उतरत. शिवाय मुंबई-अलिबागसमोर उथळ समुद्रतळ तीनेकशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. त्यावर भरतीची लाट फुगते आणि उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर, कधी त्याहून जास्त हलतं. हा उथळ पट्टा दक्षिणेकडे अरुंद होत जातो. गोव्यात फरक दोनेक मीटरवर येतो, कोचीत मीटरभरही उरत नाही. खंभातच्या आखातात मात्र दहा मीटरच्या पुढे जातो. पायी जाता येणारा जलदुर्ग अलिबागला मिळतो, तो या मोठ्या चढउतारामुळे.

आता बेत आखू. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून वद्य द्वितीया, तृतीया, चतुर्थी धरा. द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला. आदल्या रात्रीच अलिबागला मुक्काम करा आणि पावणेसातला कुलाबा किल्ल्याकडे चालू लागा. जिथे रात्री होड्या डुलत होत्या, तिथून आपण ओल्या वाळूवरून आणि कातळावरून चालत जातो. १६८०च्या सुमारास शिवाजी महाराजांनी काम सुरू केलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा बालेकिल्ला झालेला हा दुर्ग. तटाला हात लावून बघा. मोठाले चिरे नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मरतो. साडेआठच्या आत मागे फिरा. पाणी भराभर चढतं.

मुरूडला तृतीयेला जा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा बघाच, पण बाजारही चुकवू नका. उधाणाच्या दिवसांत बोंबील भरपूर येतो, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. बोंबलाची डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेली असते. कोणी ती ओढत नाही. ओहोटी-भरतीचा प्रवाहच मासे तिच्या मोठ्या तोंडातून आत लोटतो. उधाणाला प्रवाह जोरात, म्हणून जाळं भरतं. भांगाला ते पाण्यात लोंबकळत राहतं. किनाऱ्यावर वलांडीही बघा: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात, खिळा नाही की गाठ नाही. ताजा बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून चिरून, उघडून, वजनाखाली दाबून ठेवतात आणि मगच रव्यात घोळवून तव्यावर टाकतात. हे दाबणं ज्या खानावळीत टाळतात, तिथला बोंबील तव्यावर विरघळतो.

चतुर्थीला आगरदांड्याहून पहिल्या जंगलजेट्टीने, म्हणजे गाडीसकट नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघीला उतरा आणि हरिहरेश्वर गाठा. ओहोटी पावणेनऊची आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराच्या घळीतून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या कातळावर येते आणि ती ओहोटीलाच होते. कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत. दगडात मुरलेलं खारं पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून कण कण उकलत जातात. पाय घसरतो, लाट अचानक येते; गुरवांना विचारल्याशिवाय उतरू नका. त्या दिवशी संकष्टी असल्यामुळे उपासवाल्यांचीही सोय होते: मासे आधीच्या दोन दिवसांत झालेले, आणि घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर रात्री उकडीचे मोदक.

महिना कोणता? जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्याही बंद. चिंबोरीचे दर्दी अमावास्येचा आग्रह धरतील, कारण तेव्हा ती भरलेली असते असं ते मानतात. त्यांनी शुद्ध द्वितीया धरावी, भरती-ओहोटीच्या वेळा त्याच. मी मात्र पौष वद्य निवडेन, पोपटीसाठी. तेव्हा रायगडात वालाच्या शेंगा भरतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा थेंबही नाही. तोंडाशी पाला ठासून मडकं शेतात उपडं घालतात आणि भोवती पेंढा-लाकडांचा जाळ करतात. शेंगांच्या स्वतःच्याच वाफेत सगळं शिजतं. तृतीयेच्या रात्री चंद्र साडेआठच्या सुमारास वर येतो. जाळ साडेआठला लावायला सांगा, म्हणजे मडकं उघडेपर्यंत शेतात चांगलं चांदणं असेल.