संच-विमानातील रिव्हेट व नियंत्रण जोडणी

कारखान्याने पुरविलेले सुटे भाग, आराखडे व सूचना यांच्या आधारे एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी घरी वा लहान कर्मशाळेत जुळविलेल्या विमानास संच-विमान म्हणतात. हा छंद प्रामुख्याने अमेरिकेत वाढला. तेथे पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे हौशी विमानबांधकांची संघटना स्थापन केली. बांधणीचे निम्म्याहून अधिक काम शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी हौशी व्यक्तीने स्वतः केले असेल, तर अशा विमानास तेथे प्रायोगिक वर्गात परवाना मिळू शकतो. भारतात असे प्रयत्न विरळ आहेत. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईतील प्रदर्शनात मांडले होते. मात्र ते संचावरून जुळविलेले नसून त्यांच्या स्वतःच्या आराखड्याचे होते.

धातूच्या संच-विमानाचा सांगाडा व कवच सामान्यतः ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पातळ पत्र्यांचे असते. वितळजोडाच्या उष्णतेने या मिश्रधातूंचे बल घटते, म्हणून पत्रे रिव्हेटांनी जोडतात. एका लहान विमानास हजारो रिव्हेट लागतात. रिव्हेटाने पत्रे एकमेकांवरून सरकविणारा, म्हणजे कर्तन स्वरूपाचा, भार पेलावा अशी जोडाची रचना असते. डोके उपटून काढू पाहणारा ताण त्यावर येऊ देत नाहीत.

रिव्हेटाची निवड बांधणाऱ्याच्या मर्जीवर नसते. ती आराखड्यात सांकेतिक क्रमांकाने दिलेली असते. उदा., ‘एएन ४७० एडी ४-४’ यातील ४७० हा अंक उभट गोल डोके दर्शवितो (पत्र्याशी समतल बसणाऱ्या डोक्यासाठी ४२६). ‘एडी’ ही अक्षरे २११७ या मिश्रधातूची होत. पहिला ४ म्हणजे व्यास ४/३२ इंच (सु. ३.२ मिमी.) व दुसरा ४ म्हणजे लांबी ४/१६ इंच (सु. ६.४ मिमी.). ‘एडी’ रिव्हेटाच्या डोक्यावर मध्यभागी बारीक खळगी असते. शुद्ध ॲल्युमिनियमाच्या रिव्हेटावर कोणतीच खूण नसते, मात्र त्याचे कर्तन बल ‘एडी’च्या सुमारे एक-तृतीयांश असते. दोन्ही एकाच डब्यात मिसळले, तर फरक ओळखण्यास ती खळगी एवढेच साधन उरते. म्हणून रिव्हेट लावण्यापूर्वी डोके पाहण्याची सवय असावी लागते.

अधिक कठीण रिव्हेट तो अधिक चांगला, ही समजूत नवशिक्यांत आढळते व ती घातक आहे. २०२४ या मिश्रधातूचे रिव्हेट उष्णता-संस्कारानंतर लगेच ठोकावे लागतात किंवा शीतपेटीत ठेवावे लागतात, एरवी ते ठोकताना तडकतात. शिवाय पातळ पत्र्यात कठीण रिव्हेट ठोकल्यास रिव्हेटाऐवजी भोकाभोवतीचा पत्राच फुगतो. ठोकता येण्याइतका मऊ व भार पेलण्याइतका बळकट असा २११७ चा मध्यम गुण हेच त्याच्या सार्वत्रिक वापराचे कारण आहे.

रिव्हेटाचा व्यास सर्वांत जाड पत्र्याच्या सुमारे तिप्पट असावा व ठोकण्यापूर्वी पत्र्यांबाहेर व्यासाच्या दीडपट दांडी उरावी, असा संकेत आहे. प्रत्येकी ०.८ मिमी. जाडीचे दोन पत्रे ३.२ मिमी. व्यासाच्या रिव्हेटाने जोडावयाचे असल्यास १.६ अधिक ४.८ म्हणजे ६.४ मिमी. लांबी लागते; वर दिलेला क्रमांक नेमका हाच. ठोकल्यानंतर बनणारे डोके व्यासाच्या दीडपट रुंद व निमपट उंच भरावे. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. बिघडलेला रिव्हेट काढताना भोक वाकडे वा मोठे होण्याचा धोका असतो. किंचित सदोष रिव्हेट काढण्यापेक्षा तसाच ठेवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

समतल डोक्यासाठी पातळ पत्रा कापून चालत नाही, तो साच्यात दाबून खळगा पाडतात. यात भोकाची कड ताणली जाते, म्हणून ती गुळगुळीत असणे आवश्यक असते. २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हॅन्स एअरक्राफ्ट या प्रसिद्ध संच-उत्पादकाच्या लेसर किरणाने कापलेल्या भोकांच्या कडांना खळगा पाडताना तडे गेल्याचे उघड झाले. असंख्य भाग बदलून द्यावे लागले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागावे लागले.

जेथे मागे ऐरण धरता येत नाही तेथे एकाच बाजूने खेचून बसविण्याचे पोकळ रिव्हेट वापरतात. काही संचांची बहुतेक बांधणी याच रिव्हेटांची असते व ती सुरक्षितही असते, कारण त्यांची संख्या व अंतर त्या हिशेबाने ठरविलेले असते. भरीव रिव्हेटांच्या जागी परस्पर पोकळ रिव्हेट लावणे मात्र योग्य नव्हे. हार्डवेअरच्या दुकानातील पॉप रिव्हेट तर विमानात वर्ज्यच समजावेत.

नियंत्रण भागांत निकष आणखी कडक होतो. कवचातील एक रिव्हेट सैल झाल्यास शेजारचे भार वाटून घेतात. एलिव्हेटरकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला असा शेजार नसतो. दांड्याच्या टोकाचा चेंडू-धारवा पुरेसे आटे बसेपर्यंत फिरवून मागे रोधक नट आवळतात. जेथे बोल्ट फिरण्याचा संभव असतो तेथे नायलॉनची कडी असलेला नट चालत नाही; खाचांचा नट लावून त्यातून दुहेरी पिन घालावी लागते. चेंडू निसटला तरी दांडा सुटू नये म्हणून बाजूला मोठा वॉशर देतात. हलती पृष्ठे बिजागरीभोवती वजनाने संतुलित नसल्यास वेगात फडफडून तुटू शकतात. रंगाचा एखादा जादा थरही हे संतुलन बिघडवितो, म्हणून रंगकामानंतर ते पुन्हा तपासतात. दांडी डावीकडे केल्यावर डावा एलेरॉन वर जातो की नाही, हे बांधणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याने पाहावे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

भाग कोठे बसवावा हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी विमानात रिव्हेटांचा सांगाडा नसतो, ते संमिश्र द्रव्याचे असते. तरीही त्याचे एक उदाहरण येथे लागू पडते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. आराखड्यात इंधन-निवडीची झडप वैमानिकाच्या पायांमध्ये होती; मूळ बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती व तिच्या मुठीवर खुणा नव्हत्या. मूठ फिरविण्याच्या प्रयत्नात लक्ष विचलित होऊन उजवा सुकाणू-पट्टा अनवधानाने दाबला गेला, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला. इंधनाची पातळी दाखविणाऱ्या नळ्याही मागील आसनापाशी होत्या. त्या पाहण्यासाठी डेन्व्हर यांना उड्डाणापूर्वी एक आरसा देण्यात आला होता.