पापण्यांची उघडझाप आणि मेंदूतील रसायने

मनुष्य जागा असताना त्याच्या पापण्यांची उघडझाप अखंड चालू असते. तिचे प्रमाण सामान्यतः मिनिटाला १५ ते २० असते. डोळा ओलसर राखण्यास याहून पुष्कळ कमी उघडझाप पुरेशी ठरते. मग उरलेली कशामुळे होते?

याचे एक उत्तर कंपवाताच्या रोग्यांकडून मिळाले. या विकारात डोपामीन हे रसायन निर्माण करणाऱ्या मेंदूतील पेशी नष्ट होत जातात. रोग्याची मुद्रा निर्विकार होते आणि पापण्या क्वचितच लवतात. याउलट, माकडांना डोपामीनसारखे कार्य करणारे अपोमॉर्फिन टोचले असता त्यांच्या पापण्या अधिक वेळा लवू लागतात.

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या विकारातही पापण्यांनी अशीच साक्ष दिली. अशा रोग्यांच्या डोळ्यांच्या व पापण्यांच्या हालचालींतील दोषांकडे अमेरिकेतील जॅनिस स्टीव्हन्स यांनी १९७८ मध्ये लक्ष वेधले. १९८३ मध्ये क्रेग कार्सन यांनी पापण्यांची उघडझाप व डोपामीन यांच्या संबंधाची सविस्तर चर्चा केली. औषध न घेणाऱ्या अनेक रोग्यांमध्ये उघडझाप वाढलेली आढळली. डोपामीनच्या कार्यास अडथळा करणारी औषधे दिल्यावर ती मंदावली. या विकारात मेंदूच्या काही भागांत डोपामीनचे कार्य वाढलेले असते, या मताला त्यामुळे पुष्टी मिळाली.

तथापि ही साक्ष जपूनच घ्यावी लागते. वाचताना उघडझाप कमी होते, संभाषणात वाढते; थकवा व कोरडी हवा यांचाही तिच्यावर परिणाम होतो. पुढे मेंदूतील डोपामीनच्या कार्याचे किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने मापन होऊ लागले, तेव्हा निरोगी माणसांमध्ये दोहोंचा मेळ नेहमीच बसला नाही. म्हणून केवळ पापण्या मोजून रोगनिदान करता येत नाही. आणि कोणाचे डोळे वारंवार लवतात एवढ्यावरून त्याच्यावर वेडाचा शिक्का मारणे, हा तर अन्यायच होय.

मग या निरीक्षणाचे मोल काय? विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य मानसोपचारात या विकाराचा दोष रोग्याच्या आईच्या वागणुकीस दिला जाई. मुलाचे दुःख सोसणाऱ्या मातेला अपराधाचे ओझेही वाहावे लागे. औषधाबरोबर मंदावणाऱ्या पापणीने, अन्य पुराव्यांच्या जोडीने, एवढे निश्चित सुचविले की हा विकार शरीराचाही आहे. तो कोणाच्या मायेतील उणिवेचे फळ नव्हे.