खड्डा कोणाच्या खात्यावर?

सोलापुरातले काही रस्ते दरवर्षी नेमाने बरे होतात. संक्रांत पंधरा दिवसांवर आली, होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उभे राहू लागले, की नंदीध्वजांच्या वाटेवर डांबराचा वास सुटतो. खडी पडते, रोलर फिरतो, खांबांवरचे मिटलेले दिवे डोळे उघडतात. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्तगण आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. ती उंच काठी तोलत चालणाऱ्याचा पाय खड्ड्यात गेला तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. तेव्हा यात्रेपूर्वी हे काम होते ते योग्यच होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण या कामातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यात्रेची तारीख ठरलेली असते, वाट ठरलेली असते आणि त्या वाटेकडे अवघ्या गावाचे डोळे लागलेले असतात. एवढे जुळले की डांबर निघते, माणसे निघतात, शिडीची गाडीही निघते. म्हणजे बाकीच्या रस्त्यांचे दुखणे डांबराच्या टंचाईचे नसावे. त्यांना तारीख नाही आणि त्यांच्याकडे रोज पाहणारा माणूस नाही, हे त्यांचे खरे दुखणे.

रस्ते आणि दिवे ही महापालिकेची मेहेरबानी आहे, असा आपला एक गोड गैरसमज असतो. वॉर्डात दिवा लागला की आपण सत्कार करतो, हारतुरे आणतो. वास्तविक १९४९च्या महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ आणि कलम ६६ अशी दोन कलमे आहेत. पहिल्यात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत, दुसऱ्यात तिने मनात आणले तर करावयाची कामे. सार्वजनिक रस्त्यांची निगा आणि त्यांवरची दिवाबत्ती पहिल्या यादीत बसते. बागबगीचे आणि सार्वजनिक समारंभ दुसऱ्या यादीतले. कोणत्याही शहरातल्या रहिवाशाने आपल्या आठवणीतली महापालिकेची कामे या दोन रकान्यांत लिहून पाहावीत. रविवारची एक करमणूक होईल.

आपली नगरपालिका काही कालची नाही. ती १८५२ साली स्थापन झाली, महापालिका १९६४ साली. १९३०च्या एप्रिलमध्ये, इंग्रजांचे राज्य असताना, आपल्या इमारतीवर तिरंगा फडकावण्याची छाती याच नगरपालिकेने दाखवली होती. मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांचे बलिदान हा त्यानंतरचा इतिहास सोलापूरकराला सांगावा लागत नाही. अशा गावाने खांबावरचा दिवा बदलून घेण्यासाठी हात जोडावेत, हे मनाला लागते.

गावोगावच्या नगरपालिकांत रॉकेलच्या दिव्यांचा काळ होता तेव्हा खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस संध्याकाळी गल्लीगल्लीतून फिरत असे. काच पुसायची, वात सारखी करायची, तेल घालायचे आणि दिवा लावायचा. उजेड बेताचाच पडायचा. पण त्या व्यवस्थेत एक गुण होता, तो आपण पुढे हरवला. गावातला प्रत्येक दिवा रोज एका माणसाच्या नजरेखालून जात होता. आज पेटीतले घड्याळ संध्याकाळी ओळीने सगळे दिवे लावते आणि पहाटे विझवते. घड्याळाला दिवे लावता येतात, कोणता लागला नाही ते दिसत नाही.

रस्त्यांचा असाच रखवालदार म्हणजे मैलकुली. हा शब्द आता नव्या पिढीला कोड्यासारखा वाटेल. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर ठरावीक अंतरामागे एक मजूर नेमलेला असे. टोपले, फावडे, घमेले ही त्याची आयुधे. पावसाळ्याआधी बाजूचा चर मोकळा करायचा, रस्त्याची कड सरळ ठेवायची, मूठभर खड्डा दिसला की मूठभर मुरूम-खडीत तो बुजवायचा. मी तालुक्याच्या एका शाखेत नवा नवा अधिकारी असताना असे एक गृहस्थ खाते उघडायला आले होते. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू, असे विचारले तर म्हणाले, ‘‘मैलकुली लिवा. किलोमीटर अठरा ते एकवीस माझ्याकडं हायेत, सायेब.’’ किती पगार मिळतो ते त्यांनी नंतर सांगितले, आणि तेही मी विचारले म्हणून. बँकेत तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला आम्ही कस्टोडियन म्हणतो. तीन किलोमीटर रस्त्याचा तो कस्टोडियन होता आणि त्याला ते पक्के ठाऊक होते. आज शहरातल्या एखाद्या रस्त्याचा एवढ्या ठामपणे ताबा सांगणारा कोणी भेटेल का? सोलापूरच नव्हे, राज्यातल्या कोणत्याही शहरात विचारून पाहावे.

पावसाला दोष देण्याची एक सोय असते. मुंबई-कोकणाने तो द्यावा, त्यांना शोभतो. सोलापूरला वर्षाकाठी पडतो साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. मात्र आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. वरचा डांबराचा थर त्याबरोबर हलतो, त्याला केसाएवढी चीर पडते. चिरेतून पाणी खाली उतरते, खडीचा पाया सैल होतो आणि मग एस.टी.च्या किंवा उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखाली तो भाग खचतो. ही चीर वेळीच डांबराने बुजवली तर काम थोडक्यात भागते. तिचा खड्डा होऊ दिला तर खर्च कितीतरी पट, आणि पूर्ण रस्ता उखडू दिला तर निविदा, मंजुरी, ठेकेदार, भूमिपूजन असा सगळा संसार मांडावा लागतो. दुर्दैवाने आपल्या व्यवस्थेला चिरेपेक्षा संसारात जास्त रस असतो. चीर बुजवल्याचा फलक लावता येत नाही. नव्या रस्त्याला कोनशिला असते, नारळ असतो, फोटो असतो. दुरुस्तीला साधी पेढ्याची पुडीसुद्धा नसते.

दुसरा शत्रू खोदाईचा. पाण्याची नळी, ड्रेनेज, वायूची नळी, केबल – प्रत्येक जण आपला चर खणतो आणि तीच माती त्यात परत लोटून निघून जातो. पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्याच्या अंगावर लांबलचक वळ उठतो. रस्ता खोदायला परवानगी लागते आणि तो पूर्ववत करण्यासाठी पालिका शुल्क घेते. येथे माझ्यातला जुना अधिकारी जागा होतो. एखाद्याने विशिष्ट कामासाठी आपल्याकडे पैसे ठेवले तर ते आपले उत्पन्न नव्हे, ते देणे. ते काम होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवायचे. खोदाईचे पैसे सर्वसाधारण जमेत मिसळून गेले तर वर्षअखेरीस जमा छान दिसते आणि चर तसाच राहतो.

पैसा नाही, हे उत्तर नेहमी मिळते आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. १९९२च्या हद्दवाढीने सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरवर गेले. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, कुमठे, सोरेगाव, मजरेवाडी – एका अधिसूचनेने सगळी शहरवासी झाली. शहर पाचपटीहून मोठे झाले, १९९१च्या गणतीची माणसे मात्र सहा लाख. २०११ साली ती साडेनऊ लाखांवर गेली. गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पडले, घरे आधी आली आणि रस्ते मागून. अजूनही आपण त्या वस्त्यांना ‘हद्दवाढ भाग’ म्हणतो. तीस वर्षांहून जास्त संसार झालेल्या सुनेला ‘नवी’ म्हणावे तसे.

उत्पन्नाचे म्हणाल तर नाक्यावर रोज रोख पडणारी जकात गेली, एलबीटी आला, २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही उठला आणि २०१७ साली जीएसटी आल्यावर महापालिका राज्य सरकारकडून येणाऱ्या भरपाईच्या रकमेकडे डोळे लावून बसू लागल्या. ज्या घरात पगार दुसऱ्याच्या हातून येतो तिथे आधी पगार-पेन्शन भागते, मग वीजबिल, आणि गळक्या छपराची पाळी शेवटी येते. दुसरीकडे नव्या कामांना स्वतंत्र निधी मिळतो. २०१६च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर निवडले गेले, तेव्हा आपल्या सर्वांची छाती फुगली होती. ३१ मार्च २०२५ला ती योजना संपली. योजनेला शेवटची तारीख असते. तिने केलेल्या रस्त्यांचा आणि लावलेल्या दिव्यांचा सांभाळ मात्र त्या तारखेनंतरच सुरू होतो आणि त्याचा खर्च त्याच जुन्या, आधीच ओढाताणीच्या खात्यातून करायचा असतो.

दिव्यांची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. कित्येक ठिकाणी खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा पालिकेचा आणि देखभाल ठेकेदाराची. दिवा गेला की तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. ५ जानेवारी २०१५ला केंद्र सरकारने एलईडी दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने पदरचे पैसे घालून दिवे लावायचे आणि पालिकांनी विजेच्या बचतीतून ते हप्त्याहप्त्याने फेडायचे, अशी योजना. कागदावर तिच्यात खोट काढता येत नाही. पण बचत झालेला रुपया वेगळा बांधून ठेवला नाही तर हप्त्याच्या दिवशी तो सापडत नाही, हे कोणत्याही गृहिणीला माहीत असते. बऱ्याच नगरपालिकांची थकबाकी साचली. खेड्यांत घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कराचा वेगळा रकाना असतो, तरीही २०२१ साली वीजबिल थकले म्हणून गावेच्या गावे रात्री काळोखात गेली होती.

काळोखाची किंमत सगळ्यांना सारखी नसते. मोटारीला स्वतःचे दिवे असतात. पूर्व भागात यंत्रमागाच्या रात्रपाळीवरून सायकलने परतणारा कामगार, तयार विड्यांची पाटी घेऊन भल्या पहाटे कारखान्याकडे निघालेली बाई, क्लासवरून येणारी मुलगी – यांच्यासाठी खांबावरचा दिवा ही चैन नव्हे. भरलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते अंधारात कळत नाही. खड्डा आणि बंद दिवा या दोन तक्रारी दोन खात्यांकडे जातात. पडणारा माणूस एकच असतो.

२०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे दगावली, हा आकडा डिसेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हा न्यायमूर्तीही अस्वस्थ झाले होते. चांगला रस्ता हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच, २०१५ साली सांगून ठेवले होते. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमींना इजेप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई, आणि त्यासाठी पालिका आयुक्त व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. पैसे मुदतीत दिले नाहीत तर ९ टक्के व्याज. शिवाय ही रक्कम दोषी ठेकेदाराकडून आणि अधिकाऱ्याकडून वसूल करायची आहे.

माणसाच्या जिवाचा असा दर ठरवावा लागावा याचे वाईट वाटते. पण हिशेबाच्या दृष्टीने या आदेशाने एक मोठे काम केले. आजवर खड्डा कोणाच्याच वहीत नव्हता. आता तो कोणाच्या तरी नावे टाकावा लागेल. बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, मग कर्जदार कितीही भला असो. रस्त्यांना आणि दिव्यांना असा नियम का नसावा? नव्वद दिवस तर फार झाले. प्रत्येक खांबाला क्रमांक, क्रमांकापुढे ठेकेदाराचे नाव, दिवा बंद झाल्याची तारीख आणि चालू झाल्याची तारीख. रस्त्याला दोष दायित्वाचा कालावधी असतो, म्हणजे तेवढी वर्षे दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. तो कालावधी कधी संपतो हे त्या रस्त्याच्या कडेला फलकावर लिहिलेले असले, तर गल्लीतले पेन्शनर फुकट ऑडिट करतील. आम्हाला वेळ भरपूर असतो!

मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जाब विचारायला नगरसेवकच नव्हते. १५ जानेवारी २०२६ला, ऐन गड्ड्याच्या गर्दीत, मतदान झाले. आता नगरसेवक आहेत, उलट एकेका प्रभागात बहुधा चार-चार आहेत. चौघांच्या नावावरचे कर्ज वसूल करणे सर्वांत अवघड असते, हा बँकेतला अनुभव. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. तेव्हा चौघांनी प्रभागातल्या गल्ल्या आपसात वाटून घ्याव्यात आणि वाटणी जाहीर करावी. अंदाजपत्रकात रस्ते आणि दिवे यांच्या दुरुस्तीला किती धरले, वर्षअखेर त्यातले प्रत्यक्षात किती खर्ची पडले आणि कोणत्या गल्लीत, हेही त्यांनी चौकातल्या फळ्यावर लिहावे. फळा नसेल तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लावायला जी जागा सापडते ती चालेल.