येळवस: शेतातच मांडलेला सण

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर शहरातल्या बाजारपेठा ओस पडतात आणि शिवारं माणसांनी फुलतात. ही वेळा अमावास्या, बोलीत येळवस. लातूर-धाराशिवचा हा सण सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीतही होतो. तिकडे तो एळ्ळु अमावास्या. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. इकडेही तिळाची पोळी असतेच. नावातली ही जवळीक सीमाभागाचं सामायिक कृषिजीवनच दाखवते.

पीक अजून कापायचं असतं. ज्वारी पोटऱ्यात, हरभरा घाट्यात. अशा उभ्या पिकात कडब्याची कोप उभारतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा करतात. आंबील पिकांवर शिंपडली जाते: आधी जमिनीला, मग माणसाला.

खरी श्रीमंती पानात. ताकात ज्वारीचं पीठ मुरवून केलेली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत! तूर, वाटाणा, पावटा, हरभरा आणि हिरव्या भाज्या बेसन-आंबिलीत शिजवलेली दाट भाजी ती. त्या मोसमात शिवारात जे पिकतं, ते जवळपास सगळं तिच्यात उतरतं.

शेत नसलेल्यांना आग्रहाचं आमंत्रण असतं. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी दिली जाते.