आठ बाइट

2005 च्या जानेवारीत बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत नवी पेठेतल्या दुकानांपासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांपर्यंत टेलिफोनच्या तारेवरून नेट पोचले. मी तेव्हा सोलापुरात नेटवर्कची कामे करत होतो. सुरुवातीला तक्रारी साध्या असत. मोडेम नुसता तार जोडून द्यायचा, जोडणी करणारा डायलर संगणकावरच असायचा. त्या जोडणीच्या पद्धतीचे नाव पीपीपीओई. इथरनेटवर एका पॅकेटला 1500 बाइटची जागा असते. त्यातले आठ ही पद्धत स्वतःसाठी घेते, उरतात 1492. ही मर्यादा म्हणजेच एमटीयू. जोडणी संगणकानेच केलेली, त्यामुळे त्याला ती ठाऊक असे.

मग हिशेबनिसाच्या टेबलावर दुसरा संगणक आला, एक्स्पोर्टच्या कागदपत्रांसाठी तिसरा. डायलर मोडेममध्ये गेला आणि नॅट चालू झाले: बाहेर एकच आयपी पत्ता, आत सगळ्यांचे खासगी पत्ते. सोय मोठी होती. पण आतल्या संगणकाला आता फक्त कारखान्यातली केबल दिसत होती, आणि ती पूर्ण 1500 ची. समोरच्या सर्व्हरला तो त्याच हिशेबाने आकार कळवू लागला. बाहेरची वाट आठ बाइटने अरुंद आहे, हे त्याला सांगणारे कोणी उरले नाही.

तेव्हापासून ती तक्रार सुरू झाली: गुगल उघडते, मेल वाचता येते, पण अमुक साइट नुसती फिरत राहते. सर्व्हर ‘फोडू नका’ अशी खूण करून भरगच्च पॅकेट पाठवी. ते अरुंद जागी अडले की तिथले यंत्र ‘लहान करून पाठवा’ असा निरोप उलटा धाडी. ही व्यवस्था 1990 पासून लिहून ठेवलेली आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली कित्येक ठिकाणचे फायरवॉल असे निरोप सरसकट टाकून देत. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवी, आणि इथे पडदा पांढरा.

मला हे उमगायला फार वेळ लागला. एका कारखान्यात मी विंडोज पुन्हा टाकून त्यांचा अख्खा दिवस घालवला. विंडोजचा काही दोष नव्हता, याची खंत अजून आहे. शेवटी पिंग हाती लागले. न फोडता 1472 बाइट पाठवले, अडले; 1464 गेले. शीर्षकांचे 28 मिळवले की बरोबर 1492. उपाय मोडेममध्येच होता. नॅटसाठी तो प्रत्येक पॅकेट उघडून पत्ता बदलतोच; जोडणी सुरू होताना संगणक शीर्षके वगळून जो 1460 चा आकडा सांगतो, तोही त्याने तिथेच 1452 करायचा. एवढ्याने साइट उघडल्या.

2011 मध्ये आशिया-पॅसिफिकचा आयपी पत्त्यांचा मोकळा साठा संपत आला. पुढे इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्या बाजूलाही नॅट बसवले. एका पत्त्यामागे अनेक घरे आली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून परतलेली मुले घरून व्हीपीएनवर काम करू लागली, तेव्हा जुने दुखणे नव्या रूपात भेटले. व्हीपीएनचा बोगदा स्वतःची शीर्षके जोडतो, पॅकेट फुगते, आणि बोगदा यूडीपीवर असला तर तो 1452 चा उपाय त्याच्या पॅकेटांना चालत नाही, कारण तिथे सुरुवातीला आकडा सांगणेच नसते. पॅकेट फुटले तर आणखी अडचण. टॉवेलचा गठ्ठा फोडून दोन केले, ट्रान्सपोर्टच्या गोदामाचा पत्ता दोन्हींवर घातला, पण व्यापाऱ्याचे नाव पहिल्यावरच राहिले, तर दुसरा कोणाला द्यायचा? पोर्ट क्रमांक पहिल्याच तुकड्यात असतो, आणि नॅट माणूस ओळखते ते त्याच्यावरून. म्हणून आकार बोगद्यातच कमी ठेवावा लागतो. वायरगार्ड हे व्हीपीएन तो 1420 धरते.

आता तांब्याच्या तारेच्या जागी फायबर आहे, वेग कितीतरी पट वाढला आहे. परवा साखर पेठेतल्या एका घरी नवे कनेक्शन तपासले. जोडणी पीपीपीओईचीच. 1464 गेले, 1465 अडले.